छोटे यंत्र घ्यायचे, पण डिझेलचे की पेट्रोलचे?

मृग निघाला की भिवंडी तालुक्यात घरोघर एकच घाई सुरू होते. राबावर रोपे वर येतात. खाचरात पाणी साठते. चिखलणीची वेळ येते. पूर्वी दारात बैल असत. आता पुष्कळ घरी गोठा आहे, पण गोठ्यात बैल नाहीत. तरणी मुले मागावर जातात, नाहीतर हमरस्त्याकडेच्या गोदामात कामाला जातात. पंधरा दिवसांच्या चिखलणीसाठी बैल वर्षभर कोणी सांभाळायचे? मग घरात बोलणे निघते, "एखादं लहानसं यंत्र घेऊ या."

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. वाद पुढे सुरू होतो.

पुतण्या म्हणतो, "काका, पेट्रोलचं घेऊ. दोरी ओढली की चालू. शिवाय स्वस्त आहे."

काका म्हणतात, "अरे, सगळी कमाई ते पिऊन टाकील! डिझेलचंच घे. आपल्या विहिरीवरचं इंजिन किती वर्षं चाललं, ठाऊक आहे ना?"

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. पण कर्ज काढून यंत्र घ्यायचे, तर अर्ध्या खऱ्यावर भागत नाही. म्हणून ही गोष्ट आपण मुळापासून पाहू.

आधी छोटे यंत्र म्हणजे कोणते, ते ठरवू. एक असते दोन्ही हातांनी धरून मागून चालायचे. त्याला फिरती पाती असतात. बाजारात त्याला पॉवर वीडर म्हणतात. ते साधारण पाच ते नऊ अश्वशक्तीचे असते. अश्वशक्ती म्हणजे घोड्याचे बळ. दुकानदार तिलाच एच. पी. म्हणतो. पेट्रोलचा साधा वीडर दोघे-तिघे धरून बांधापलीकडे ठेवू शकतात. दुसरा पॉवर टिलर. तो बारा-पंधरा अश्वशक्तीचा असतो आणि वजनाला चारशे किलोच्या आसपास भरतो. तो उचलायची गोष्टच नको. त्याच्यासाठी बांधाला वाट पाडावी लागते. तिसरा चार चाकांचा छोटा ट्रॅक्टर. त्यावर बसून काम करता येते, पण वळायला जागा लागते. आपल्याकडची खाचरे चार-चार, पाच-पाच गुंठ्यांची. तिथे तो वळेपर्यंत बांध येतो.

टिलर आणि ट्रॅक्टर यांच्यात निवडीला फारसा वाव नाही. ते बहुतेक डिझेलचेच मिळतात. टिलर मूळचा भातखाऊ जपानचा. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ पासून मित्सुबिशी या जपानी कंपनीच्या साहाय्याने तो आपल्या देशात आणला. केरळात केमको ही सरकारी कंपनी १९७३ साली निघाली. तिने कुबोटा या दुसऱ्या जपानी कंपनीचे तंत्र घेतले. तेव्हापासून टिलर म्हटला की डिझेल, असेच लोक धरून चालतात. ट्रॅक्टरात एक वेगळे उदाहरण अलीकडचे आहे. स्वराज कंपनीने २०२१ साली फळबागा आणि भाजीपाल्यासाठी अकरा अश्वशक्तीचा पेट्रोल ट्रॅक्टर काढला. असे अपवाद थोडे. खरा प्रश्न पडतो तो वीडर घेताना. तो दोन्ही तऱ्हांचा मिळतो.

आता इंजिनाच्या पोटात डोकावू.

भिवंडीच्या मागाला विजेची मोटर असते. तिला तार पोचते, म्हणून तिला दुसरे काही लागत नाही. खाचरात तार पोचत नाही. तिथल्या यंत्राला आपले बळ आपल्याच पोटात तयार करावे लागते. त्याच्या पोटात एक लोखंडी नळकांडे असते. त्यात दट्ट्या खालीवर होतो. रंगपंचमीच्या पिचकारीत असतो ना, तसाच. नळकांड्यात तेल पेटते, हवा तापून फुगते, दट्ट्याला जोराने ढकलते, आणि त्या ढकलण्याने चाक फिरते. हे दोन्ही इंजिनांत सारखेच आहे. फरक आहे तो तेल पेटवायच्या रीतीत.

पेट्रोलची वाफ चटकन होते. ती हवेत मिसळून नळकांड्यात घेतात. दट्ट्या हे मिश्रण आठ-नऊ पट दाबतो. मग प्लग नावाच्या भागातून ठिणगी पडते आणि भडका होतो. म्हणजे पेट्रोलच्या इंजिनाला काडी ओढून द्यावी लागते.

डिझेलच्या इंजिनाला काडी लागत नाही. ते कसे? सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. पंप गरम झालेला असतो. हवा दाबली की ती तापते. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा घेतात आणि ती सोळा ते वीस पट दाबतात. ती इतकी तापते, की तीत डिझेलचा बारीक फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. ही युक्ती जर्मनीतल्या रुडॉल्फ डिझेल नावाच्या माणसाने शोधली. त्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग गावी नीट चालले. शंभर भाग उष्णतेतले सव्वीस भाग त्याने कामाला लावले. त्या काळची वाफेची इंजिने त्याच्या निम्मेही काम करत नसत. तेलाला जे नाव पडले, ते त्या माणसाचे आडनाव आहे. बिचारा १९१३ साली बोटीतून विलायतेला जाताना समुद्रात नाहीसा झाला.

एवढे समजले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. वीस पट दाब सोसायचा, तर नळकांडे जाड हवे, दट्ट्या दणकट हवा, फिरते चाक जड हवे. म्हणून डिझेलचे इंजिन वजनाला जास्त आणि किमतीलाही जास्त. बारीक फवारा सोडणारा पंप आणि नोझल हे भाग नाजूक आणि महाग असतात. पण त्याच मोठ्या दाबामुळे तेवढ्याच तेलातून काम जास्त निघते. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा थोडी अधिक उष्णता असते. जिथे छोट्या पेट्रोल इंजिनाला दीड लिटर लागते, तिथे डिझेलच्या इंजिनाचे एक लिटर ते सव्वा लिटरमध्ये भागते. ओढीचेही तसेच. घट्ट चिखलात पाती अडली, तर डिझेलचे इंजिन कण्हत का होईना, पुढे सरकते. हलके पेट्रोल इंजिन तिथे बंद पडते, नाहीतर रेस वाढवावी लागते.

मग काकांचेच खरे म्हणायचे काय? थांबा. विहिरीवरच्या इंजिनाचा दाखला त्यांनी दिला, तो नीट पाहू. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली सुरू झाला. त्याची इंजिने महाराष्ट्रात गावोगाव विहिरींवर बसली. ती टिकली, स्वस्तात चालली, हे खरेच. पण विहिरीवरचे इंजिन एका जागी बसून असते. त्याच्या वजनाचा त्रास कोणाला होत नाही. आणि ते वर्षातून शेकडो तास चालते. आपला वीडर वर्षातून किती तास चालणार? सगळा प्रश्न इथे आहे.

पाटी-पेन्सिल घ्या. हिशेब मांडू. यातले आकडे धरून चाललेले आहेत. आपण आपल्या दुकानातला आणि पंपावरचा भाव घालून पुन्हा मांडावा.

समजा, पेट्रोलचा वीडर ७०,००० रुपयांना आहे. तेवढेच काम करणारा डिझेलचा वीडर १,२०,००० रुपयांना आहे. फरक ५०,००० रुपयांचा.

पेट्रोलच्या यंत्राला तासाला दीड लिटर लागते. भाव १०० रुपये धरला, तर तासाचा खर्च १५० रुपये.

डिझेलच्या यंत्राला तासाला १ लिटर १०० मिलिलिटर लागते. भाव ९० रुपये धरला, तर खर्च ९९ रुपये. आपण १०० धरू.

म्हणजे डिझेलने तासामागे ५० रुपये वाचले.

आता घरची जमीन दोन एकर धरू. एकरभर खाचराची उभी-आडवी चिखलणी करायला साधारण सात-आठ तास लागतात. जमीन कशी, पाणी किती, यावर ते कमी-जास्त होते. दोन एकरांचे झाले सोळा तास. पावसानंतर काकडी-भेंडीच्या वाडीत थोडी मशागत, थोडी खुरपणी. सगळे मिळून वर्षाचे ४० तास धरा. चाळीस गुणिले पन्नास, म्हणजे २,००० रुपये वर्षाला वाचले. पन्नास हजारांचा फरक भरून यायला २५ वर्षे लागतील. तोवर यंत्र भंगारात गेलेले असेल.

आणि तो फरक कर्जाऊ काढला असेल तर? दहा टक्क्यांनी पन्नास हजारांचे पहिल्या वर्षाचे व्याज ५,००० रुपये होते. डिझेलमुळे वाचले दोन हजार, व्याज गेले पाच हजार. काकांनी तेल वाचवले आणि तीन हजार घालवले!

पण ज्याला भाड्याने चालवायचे आहे, त्याचा हिशेब उलटतो. समजा, यंत्र वर्षाला २५० तास चालले. तेलात १२,५०० रुपये वाचले. व्याजाचे पाच हजार जाऊन साडेसात हजार हाती राहिले. पाच-सहा वर्षांत फरक फिटतो, आणि पुढे निव्वळ फायदा. अशा जोराच्या कामाला हलके पेट्रोल इंजिन लवकर झिजतेही.

मधली रेघ कुठे? शंभर तासांवर. शंभर गुणिले पन्नास, म्हणजे पाच हजार. तेवढेच व्याज. आपल्या धरलेल्या आकड्यांत वर्षाला शंभर तासांच्या आत काम असेल, तर डिझेलचा नाद सोडावा. शंभराच्या बरेच वर असेल, तरच डिझेल परवडते.

इथे एक फसगत होते. ती सांगितली पाहिजे. पुष्कळ जण म्हणतात, "महाग असलं म्हणून काय झालं? भाड्यानं चालवू, पैसे निघतील." पण भाताच्या मुलखात सगळ्यांची चिखलणी एकाच वेळी येते. रोप तयार झाले की ते महिनाभर थांबत नाही. पंचवीस दिवस, रोज आठ तास, एकही दिवस बंद न पडता यंत्र चालले, तरी २०० तासच होतात. त्यातले पहिले तास आपल्याच शेताचे. शिवाय शेजारच्या गावातही कोणी असेच यंत्र घेतलेले असते. म्हणून अडीचशे तास नुसत्या चिखलणीतून निघणार नाहीत. पावसाळ्यानंतर भाजीच्या वाड्या, कुठे पाण्याचा पंप, कुठे झोडणीचे यंत्र, असे काम आठ महिने मिळणार असेल, तर हिशेब जमतो. काम कोणाकडे मिळेल, त्यांची नावे कागदावर लिहून बेरीज करावी. मनातल्या बेरजेवर कर्ज काढू नये.

चार घरांनी मिळून एक यंत्र घेतले, तर तास सहज दीडशे-दोनशे होतात आणि डिझेलचे यंत्र परवडते. फक्त आधी कोणाचे खाचर, यावरून भांडण होते. ते पहिल्याच वर्षी चिठ्ठ्या टाकून मिटवावे. यंत्राबरोबर एक वही ठेवावी. तारीख, कोणाचे शेत, किती तास, किती तेल, एवढे चार रकाने पुरेत. कोणी जास्त वापरले, कोणी कमी, हे वही सांगते. मग भावाभावांत बोलणे वाढत नाही.

जगातही हे असेच ठरत गेले. विलायतेत १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन नावाचा एक छोटा करडा ट्रॅक्टर निघत असे. तो आधी पेट्रोलचा होता. मग रॉकेलसारख्या स्वस्त तेलावर चालणारा काढला. १९५१ पासून डिझेलचाही निघाला. ट्रॅक्टर तोच, इंजिने तीन. शेतात दिवसभर राबणारे ट्रॅक्टर पुढे डिझेलचे झाले. अमेरिकेत मात्र घराभोवतीचे गवत कापायला लोक जे बुटके ट्रॅक्टर ठेवतात, त्यांतले बहुतेक पेट्रोलचेच राहिले. आठवड्याला तासभर चालणाऱ्या यंत्रात कोण जास्त पैसे अडकवील?

पैशाचे झाले. आता चिखलाचे आणि पावसाचे बोलू.

पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, आणि ठिणगीचे नि पाण्याचे वैर. आपल्याकडचा पाऊस धो धो. प्लगची टोपी सैल असेल, वायर चिरलेली असेल, तर यंत्र भर खाचरात बंद पडते. प्लग पुसून, कोरडा करून पुन्हा लावावा लागतो. एक जास्तीचा प्लग आणि त्याचा पाना खिशात असावा. डिझेलला ही कटकट नाही. त्याचे शत्रू वेगळे. तेलात पाणी किंवा कचरा गेला, की पंप आणि नोझल बिघडतात. टाकी पुरती रिकामी होऊ दिली, की नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन उठत नाही. म्हणून तेल गाळूनच भरावे आणि टाकी तळाला जाऊ देऊ नये.

दुरुस्तीत पेट्रोल बरे. नाक्यावर मोटारसायकल दुरुस्त करणारा पोरगाही त्याचा कार्बुरेटर खोलून साफ करतो. डिझेलचा पंप-नोझल साध्या पान्याने दुरुस्त होत नाही. त्याला वेगळे यंत्र आणि वेगळा कारागीर लागतो. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला विचारावे, "भाऊ, आषाढात बंद पडलं तर कोण येईल? किती दिवसांत येईल?" उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरे दुकान पाहावे.

अंगालाही फरक पडतो. एका नळकांड्याचे डिझेल इंजिन जास्त हादरते. दिवसभर धरले, तर हाताला मुंग्या येतात. घरात यंत्र कोण चालवणार, हे पाहा. बाईमाणूस किंवा वयस्क माणूस चालवणार असेल, तर हलके यंत्रच बरे. वळताना ते अंगावर येत नाही.

जिवाच्या धोक्याचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. पेट्रोलची वाफ दिसत नाही. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या चुलीवरही पेट घेते. पेट्रोल स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ ठेवू नये. इंजिन गरम असताना टाकी भरू नये. विडी तर नकोच. डिझेल इतके चटकन पेटत नाही. पण बंद गोठ्यात कोणतेच इंजिन चालू ठेवू नका. पेट्रोलच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो तिथेच संपतो. डिझेलचा काळा धूरही वाईट. त्याने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केले. धूर वाऱ्याच्या दिशेला जाईल, असे उभे राहून काम करावे.

सरकारी अनुदान घ्यायचे असेल, तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला आधी भेटा. अर्ज मंजूर झाल्याची पूर्वसंमती हाती येण्याआधी यंत्र विकत घेऊ नका. नाहीतर अनुदान हातचे जाते. मध्य प्रदेशात बुदनी येथे शेतीची यंत्रे तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे. अशा संस्थेचा चाचणी-अहवाल दुकानदाराकडे मागावा. यंत्राला तासाला किती तेल लागले, ते त्यात लिहिलेले असते. दुकानदार तोंडाने "एक लिटरमध्ये दोन तास" म्हणतो, आणि अहवालात भलतेच निघते. आता आपल्याला वाचता येते. आकडा स्वतः वाचावा, आणि वरच्या हिशेबात तोच घालावा.

दुकानात यंत्र आधीच गरम करून ठेवलेले असते. त्याला हात लावून पाहा. थंड असतानाच चालू करायला सांगा, आणि दोरी किंवा हँडल स्वतः ओढून पाहा. गरम इंजिन कोणाच्याही हाताने उठते.

लावणी संपली की यंत्र धुवून, चिखल काढून ठेवायचे. पेट्रोलचे असेल, तर टाकी रिकामी करा आणि उरलेले तेल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते ऊस, मका, तांदूळ यांपासून करतात. २०२५ सालापर्यंत त्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. असे पेट्रोल महिनोन्महिने टाकीत राहिले, तर टाकी गंजते, कार्बुरेटरची बारीक भोके बुजतात, आणि पुढच्या मृगात दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. डिझेलचे असेल, तर उलट करायचे. टाकी तोंडापर्यंत भरून ठेवायची, म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. दोन्हींच्या खाली लाकडी फळी द्या, वरून ताडपत्री टाका, पण खालून वारा खेळू द्या. महिन्या-दीड महिन्याने एकदा दोरी किंवा हँडल हळूच ओढून दट्ट्या थोडा हलवावा, म्हणजे तो आत चिकटून बसत नाही.